पत्नी : हयात

आमच्या डायलिसिस विभागात नवा रुग्ण आला की दोन पानी सामाजिक माहितीचा फॉर्म भरला जातो. तो मी भरते. या प्रकरणातल्या काकांचा फॉर्म परवा पुन्हा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलंय : वय ७६. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. पत्नी : हयात. अपत्य : एक मुलगी, विवाहित, नागपूर. जवळचे नातेवाईक : पुतण्या, पुणे. खाली सही आणि तारीख. सगळं मिळून सात-आठ मिनिटांचं काम. 'हयात' लिहिल्यावर मी पुढच्या रकान्याकडे वळले. तिथे थांबून आणखी एक प्रश्न विचारला असता, तर पुढच्या पाच आठवड्यांत जे झालं ते कदाचित टळलं असतं.

इथे नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहू का, असं काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लिहा. फक्त मला बिचारा करू नका."

मधुमेह वीस वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना, आणि दोघांनी मिळून मूत्रपिंडं हळूहळू निकामी केलेली. मानेत कॅथेटर घालून डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी साडेसात ते साडेअकरा. केशरी रेशनकार्ड होतं, उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसले, त्यामुळे पैशांची रड नव्हती. माणूस समजूतदार. पहिल्याच दिवशी डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, निरखून तंत्रज्ञाला म्हणाले, "म्हणजे हा ऑइल फिल्टर. पण आम्ही गाडी बंद करून बदलायचो, तुम्ही चालू गाडीत काम करता." पाणी किती प्यायचं, काय खायचं नाही, सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आणि तरीही पहिल्या पंधरा डायलिसिसपैकी नऊ वेळा त्यांनी दहाच्या ठोक्याला मशीन बंद करायला लावलं. "स्वतःच्या जबाबदारीवर" असं छापलेल्या कागदावर सही करायची, पट्टी लावून घ्यायची आणि निघायचं. कारण विचारलं तर "काम आहे." दोन डायलिसिसच्या मधे वजन दोन किलोपेक्षा जास्त वाढू नये असं सांगितलेलं, त्यांचं तीन, साडेतीन वाढलेलं असायचं. आहारतज्ज्ञ बाईंनी दोनदा समजावलं. मग फाइलवर एक शेरा आला : रुग्ण सहकार्य करत नाही. हा शेरा एकदा पडला की माणसाकडे बघायची नजर बदलते, माझीही बदलली. हट्टी म्हातारा, एवढंच मी मनात म्हटलं.

सहाव्या आठवड्यातल्या सोमवारी पहाटे पुतण्याने त्यांना रिक्षात घालून आणलं. बसल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. पोटॅशियम ६.९, साडेतीन ते पाच असायला हवं. वजन ठरलेल्या ड्राय वेटपेक्षा (जादा पाणी काढल्यावरच्या वजनापेक्षा) सव्वाचार किलोने जास्त, म्हणजे तेवढं पाणी अंगात. ईसीजी बघून डॉक्टर काही न बोलता मशीनकडे वळले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारची मोठी फट सगळ्यात धोक्याची असते. शुक्रवारचं अर्धवट डायलिसिस त्या फटीला जोडलं की काय होतं ते आमच्यासमोर पलंगावर पडलं होतं.

नऊ वाजता त्यांना जरा बरं वाटलं. मी शेजारी उभी होते. पहिला प्रश्न : "किती वाजले?" दुसरा : "पावणेअकराची गाडी मिळेल का?" मी वैतागूनच विचारलं, "काका, एवढं जायचं तरी कुठं असतं तुम्हाला?"

"खडकवासल्याच्या पुढं. आमच्या हिला साडेबाराला भरवायचं असतं."

तर 'पत्नी : हयात' याचा अर्थ हा होता. त्या ७३ वर्षांच्या. अनुदानित शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका. अल्झायमर्सचं निदान होऊन सात वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी त्या रात्री अडीचला दार उघडून शाळेला निघाल्या, काका मागे धावले, जिन्यात दोघंही पडले. त्यानंतर गॅस उघडा राहण्याचे दोन प्रसंग. मग खडकवासल्याच्या पुढे, सिंहगडाच्या बाजूला असलेल्या एका डिमेन्शिया केंद्रात त्यांना ठेवलं. तेव्हापासून काका रोज दुपारी तिथे जाऊन त्यांना स्वतःच्या हाताने जेवू घालत होते. घरून निघून स्वारगेट, तिथून बस, मग चालणं. दीड तास जायला, दीड यायला. दोन वर्षांत चुकलेले दिवस त्यांना तोंडपाठ होते : अकरा.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. त्यांतल्या पुष्कळांचे जोडीदार मधुमेहाचे, हृदयाचे, किडनीचे रुग्ण असणार, कारण वय तेच आहे. तरीही आमच्या फॉर्मात 'तुम्ही कोणाला सांभाळता?' हा प्रश्न नव्हता. तुम्हाला कोण सांभाळतं, एवढंच आम्ही विचारत होतो.

त्या दिवशी राऊंडवर डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "आजोबा, तुम्हीच राहिला नाहीत तर आजींचं कोण बघणार?" हेतू चांगला होता. नंतर काकांनी मला हसत सांगितलं की हे वाक्य त्यांना आत्तापर्यंत सात जणांनी ऐकवलंय, त्यात एक रिक्षावालाही आहे. "मला काय ते कळत नाही? रात्री तीन वाजता दुसरं काय असतं डोक्यात?" तेव्हापासून मी हे वाक्य कुठल्याही रुग्णाला म्हणत नाही. ज्याला आधीच भीती आहे त्याला आणखी भीती घातली की तो काळजी घेऊ लागतो, असा आमचा एक समज आहे. प्रत्यक्षात तो फक्त खोटं बोलायला लागतो.

रविवारी, वही घेऊन

घरी सोडल्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर केंद्रात गेले. सुट्टीचा दिवस होता, आणि खरं सांगायचं तर थोडी अपराधीपणाची भावनाही. पुतण्याने गाडी आणली होती.

केंद्रात सगळ्या 'आजी' होत्या, या एकट्या 'बाई'. आजी म्हटलं तर त्या वळून बघत नाहीत, बाई म्हटलं की बघतात. हे तिथल्या मावशींनी पहिल्या महिन्यातच हेरलेलं. काका त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसले. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "हेडसर, तपासणी आहे का आज?"

"आहे की. आधी जेवून घ्या म्हणाले साहेब."

काका किती सहज हेडसर झाले होते! मी नंतर विचारलं, वाईट वाटत नाही? म्हणाले, "सुरुवातीला दोन महिने मी नवरा आहे हे पटवत बसलो. रोज भांडण. मग म्हटलं, हेडसरांचं ती ऐकायची तरी. माझं कधी ऐकलं?"

आधी चहा आला. आणि इथे मला ते दिसलं जे आहारतज्ज्ञांना दोन बैठकांत दिसलं नव्हतं. बाई स्वतःहून कप तोंडाला लावत नाहीत. समोरच्याने घोट घेतला की त्या घेतात. तो थांबला की थांबतात. म्हणजे त्यांच्या पोटात एक कप जायचा तर काकांच्या पोटात एक कप जायलाच हवा. गोळीच्या वेळी पाणी तसंच, जेवणानंतरचं ताक तसंच. मी वहीत मांडत गेले : चहा दीडशे मिली, पाणी शंभर, ताक दोनशे, निघताना पुन्हा चहा दीडशे. तीन तासांत सहाशे. काकांना दिवसाची परवानगी होती ९०० मिलीची. दिवसभरात होणारी लघवी अधिक पाचशे, हा ढोबळ हिशेब. रविवारी भेटायला येणारे शहाळं आणत, त्यातलं अर्धं बाईंना, अर्धं "काका, तुम्हीही दमला असाल" म्हणून त्यांना. दोनशे मिली शहाळ्याच्या पाण्यात साधारण पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. वर चिकू. बाईंना चिकू आवडतो, आणि तोही एक फोड तुला, एक मला असाच जायचा.

सोमवारच्या पहाटेचं सगळं गणित माझ्या वहीच्या एका पानावर होतं. पथ्य मोडायची हौस त्यांना नव्हती. बायको तहानलेली राहू नये म्हणून हा माणूस स्वतःच्या वाट्याचं पाणी ओलांडत होता.

जेवणाची रीत त्याहून बघण्यासारखी. मऊ भात, वरण, थोडं साजूक तूप, स्टीलचा लहान चमचा. काका हळूच म्हणाले, "बे एके?" बाई म्हणाल्या, "बे," आणि तोंड उघडं राहिलं तेवढ्यात घास गेला. मग काका गप्प. गळ्याची हालचाल दिसली, घास खाली उतरला, मग "बे दुणे?" "चार." दुसरा घास. एकतीस वर्षं वर्गात म्हणून घेतलेले पाढे नवऱ्याच्या नावानंतरही टिकून होते. घास तोंडात असताना बोलायला लावलं तर तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, हे केंद्रात येणाऱ्या वाचाउपचार तज्ज्ञांनी त्यांना सांगितलं होतं, म्हणून हा थांबा. एक ओळ, एक घास, गिळून होईपर्यंत शांतता. सतरा ओळींना वाटी संपली. चाळीस मिनिटं लागली.

परतताना गाडीत काका म्हणाले, "लोक म्हणतात, बायकोला आश्रमात टाकली. माझी सख्खी बहीण म्हणाली. टाकली असती तर रोज गेलो असतो का?"

ही भेट म्हणजे त्यांचं उत्तर होतं, बहिणीला आणि स्वतःलाही. त्यांना आजार एकच वाटत होता, बाईंचा. स्वतःची किडनी ही त्यात आलेली अडचण होती, बस चुकावी तशी. आम्ही मात्र उपचार आखले होते ते एका सुट्या माणसाचे, ज्याला साडेबाराला कुठेही पोचायचं नाही.

जमवाजमव

पहिलं काम शिफ्टचं. सकाळच्या वेळेत भेट बसतच नव्हती. पूर्ण चार तास, नंतर रक्तदाब स्थिर होईपर्यंत अर्धा तास, मग तो प्रवास. तिसऱ्या शिफ्टमध्ये, संध्याकाळी साडेचारला घातलं तर दुपारची भेट होईल, पण रात्री नऊला एकटा माणूस थकून घरी जाणार, आणि डायलिसिसनंतर साखर खाली जाण्याची सवय त्यांच्या शरीराला होती. पोटातलं डायलिसिस, म्हणजे पेरिटोनियल, यावर डॉक्टरांनी आठवडाभर विचार केला. यंत्र नको, खेपा नकोत, घरीच दिवसातून चार वेळा पिशवी बदलायची. काकांना कल्पना आवडली, "पिशवी घेऊन तिकडेच जाईन." पण हात थरथरत होते, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, घरात दुसरं माणूस नाही, जंतुसंसर्ग झाला तर पोटाचाच आजार. ते सोडून दिलं.

शेवटी ठरलं ते कोणालाच पूर्ण पसंत नव्हतं. पहाटे साडेसहाची पहिली शिफ्ट, पूर्ण चार तास. मंगळ, गुरू, शनी, रवी दुपारचं जेवण काकांच्या हातून. बुधवारी घरी झोप काढून संध्याकाळी फक्त चहाला. सोमवारी आणि शुक्रवारी जायचं नाही. हे 'जायचं नाही' त्यांच्याकडून वदवून घ्यायला तीन बैठका लागल्या.

चहाची युक्ती माझी नव्हे, केंद्रातल्या मावशींची. लातूरकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "बाई चहा बघत नाहीत, हात बघतात." काकांना अपारदर्शक स्टीलचा कप दिला, तळाला दोन चमचे चहा. कप तोंडाला लावायचा, मान वर, गिळल्यासारखं करायचं. बहुतेक दिवस चालतं. काही दिवस बाई वाकून कपात डोकावतात आणि म्हणतात, "रिकामा आहे." शिक्षिका आहेत, कॉपी पकडायची सवय. त्या दिवशी काका खरा चहा पितात आणि माझ्याकडे येऊन कबुली देतात. वहीत नोंद होते, एवढंच. शहाळं आणि चिकू फक्त बाईंना. पाहुण्यांना सांगायचं काम पुतण्याने अंगावर घेतलं.

या पुतण्याबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. पहिल्या बैठकीत सगळे नातेवाईक "काही लागलं तर सांगा" म्हणत होते. तो एकटा म्हणाला, "काका, रविवारी मी गाडी घेऊन येईन. रोज नाही जमणार, आणि मधेच फोन केलात तर चिडेन." दीड वर्षात त्याचे तीनच रविवार चुकले. बाकीचे अजून 'काही लागलं तर'वरच आहेत.

मग फिस्टुलाचं ऑपरेशन आलं. डाव्या हाताच्या मनगटाजवळ रक्तवाहिन्या जोडतात, दीड-दोन महिन्यांनी शीर फुगून सुईला तयार होते, मग मानेतली नळी काढता येते. त्या हातावर दाब पडता कामा नये; पिशवी उचलायची नाही, रक्तदाब मोजायचा नाही. शिरेला हात लावला की थरथर जाणवते, ती रोज तपासायची. काका याला 'इंजिन चालू आहे' म्हणतात. अडचण अशी की बाई जेवताना शेजारच्याचा हात घट्ट धरतात. काका उजव्या बाजूला बसत, म्हणजे त्यांचा डावाच हात बाईंच्या मुठीत. बाजू बदलावी लागली. चार दिवस बाई उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या आणि डावीकडून आलेला घास त्यांनी घेतला नाही. पाचव्या दिवशी त्या खुर्चीवर मावशी बसल्या, हात त्यांचा धरला, घास काकांचा घेतला.

काकांच्या पट्टीचं बाईंना काय सांगायचं, हाही प्रश्न होता. पहिल्यांदा काकांनी खरं सांगितलं, किडनीचं दुखणं आहे, मशीनवर रक्त साफ करतात. बाई रडल्या. पाच मिनिटांत विसरल्या, पट्टी दिसली, पुन्हा विचारलं, पुन्हा रडल्या. एका दुपारी तीनदा. जी गोष्ट लक्षात राहणार नाही तिचं दुःख मात्र दरवेळी नवं कोरं होतं. आता उत्तर ठरलेलं आहे : "इंजेक्शन घेतलं." "शाळेत आले होते का टोचायला?" "हो." त्यांना ते पुरतं. मुलीला हे खोटं बोलणं खटकलं होतं. एक दुपार आईपाशी बसल्यावर तिने विषय काढला नाही.

तेरा दिवस

ऑपरेशननंतर आठवड्याने मानेतल्या कॅथेटरला जंतुसंसर्ग झाला. थंडी वाजून ताप, अँटिबायोटिक, तेरा दिवस काका रुग्णालयात. याची भीती सगळ्यांनाच होती. फोनवर बोलणं करून पाहिलं तर बाई फोन उलटा करून मागे कोण आहे ते बघू लागल्या, म्हणून तेही बंद केलं.

केंद्राच्या नोंदवहीत त्या दिवसांचं जेवण लिहिलेलं आहे. पहिले तीन दिवस पाव वाटी. चौथ्या दिवशी मावशींनी काकांच्या जागेवर, डावीकडे, खुर्ची घेतली आणि म्हणाल्या, "बे एके?" पाचव्या दिवशी अर्धी वाटी. नवव्या दिवशी पूर्ण. मधल्या काळात केंद्राच्या डॉक्टरांनी, खाणं असंच राहिलं तर नाकातून नळी, असा विषय काढला होता. डिमेन्शिया फार पुढे गेलेला असताना नळीने आयुष्य वाढत नाही, हाताने सावकाश भरवणंच बरं, अशी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीसारख्या संस्थांची शिफारस आहे. मुलीने फोनवर नळीला नकार दिला आणि चार दिवस थांबायला सांगितलं. ते चार दिवस तिला झोप नव्हती.

चौदाव्या दिवशी काका केंद्रात गेले. दारातून बघितलं तर मावशी भरवत होत्या, बारापर्यंत पाढे चालू. बाईंनी काकांकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. काका आत गेले नाहीत. वाटी रिकामी होईपर्यंत दाराशीच उभे राहिले.

मला त्यांनी हे दोन दिवसांनी सांगितलं. "बरं वाटलं हो. माझ्याशिवाय जेवते म्हणजे बरंच की." मग फिस्टुलावर बोट ठेवून थरथर तपासत बसले. "रात्रभर झोप नाही आली पण."

समुपदेशनाच्या पुस्तकात मला याला बरेच शब्द सापडतील. त्या दिवशी एकही सुचला नाही आणि सुचला नाही हे बरं झालं. त्यानंतर मात्र एकदाही मशीन वेळेआधी बंद करायला त्यांनी सांगितलं नाही. पोटॅशियमच्या तक्त्याने जे झालं नाही ते मावशींच्या बेच्या पाढ्याने केलं, आणि त्याची किंमतही काकांनीच मोजली.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात निकडीचाही. केंद्राचा महिन्याचा खर्च २८ हजार, डायपर आणि औषधं मिळून आणखी पाच. काकांचं ईपीएस-९५ चं, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचं, निवृत्तिवेतन २,९००. बाईंचं ३४ हजार. म्हणजे बाईंची काळजी बाईंच्याच पैशांवर चालली आहे, आणि घर चालतं काकांच्या साठवणीतून. निवृत्तिवेतनाचं खातं दोघांच्या नावे, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं. काका आहेत तोवर ठीक. काका गेले की खातं एकट्या बाईंचं, पैसे जमा होत राहणार आणि काढायला सही करणारं कोणी नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे मी तिचं पेन आहे."

एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला होता, बाईंचा अंगठा घेऊन मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून टाका. तसं करू नका, हे मी इथे ठळकपणे लिहिते. ज्याला काय लिहिलंय ते कळत नाही त्याचा अंगठा कायद्यात उभा राहत नाही. पूर्वी, समज असताना केलेलं असतं तरी उपयोग नव्हता. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. काही देशांत असं पत्र समज गेल्यावरही टिकतं, आपल्याकडे ती सोय नाही. मग उरतो मार्ग न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा. उच्च न्यायालयांनी घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अशा रुग्णांसाठी पालक नेमलेले आहेत. मुलीने वकील गाठला. राहता फ्लॅटही बाईंच्याच नावावर निघाला, शिक्षकांच्या सोसायटीतून कर्ज घेतलेला, त्यामुळे अर्जात तोही आला. निदान झालं त्या वर्षी, बाईंना अजून समजत होतं तेव्हा, निदान मृत्युपत्र तरी करता आलं असतं. त्या वेळी घरात कोणाची बोलायची हिंमत झाली नाही.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा प्रश्न आला. सत्तरीच्या पुढच्या, तसंच दीर्घ आजारी किंवा अपंग खातेदारांना बँकेने घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक होतं. त्याची प्रत दाखवल्यावर शाखेने एका तरुण कर्मचाऱ्याला केंद्रात पाठवलं. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, यंत्र घेईना. चार बोटं करून झाली. शेवटी त्याने कागदी फॉर्म काढला आणि खात्री करायची म्हणून बाईंचं संपूर्ण नाव, काकांच्या नावासकट, मोठ्याने वाचलं.

बाई म्हणाल्या, "हजर."

तो मुलगा हसला, मावशी हसल्या. काका खिडकीकडे वळून चष्मा पुसत राहिले. दोन वर्षांत त्यांनी बाईंच्या तोंडून स्वतःच्या नावाला मिळालेला हा पहिला ओ होता, भले तो हजेरीचा असो.

त्यानंतर महिनाभराने, डायलिसिस चालू असताना, त्यांनी डॉक्टरांना आणि मला एकत्र बोलावून विचारलं, "हे बंद केलं तर किती दिवस मिळतात?" डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही : लघवी किती उरली आहे त्यावर अवलंबून, साधारण एक ते दोन आठवडे. "आणि हिला किती वर्षं?" याला डॉक्टरांपाशी उत्तर नव्हतं. मरायचा विचार आहे का, हे मी सरळ विचारलं. ते विचारणं माझं काम आहे. "नाही हो. हिशेब करतोय. हिच्या आधी जाऊन चालणार नाही. पण हिच्या नंतर हे मशीन कशाला?"

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. काकांनी ते करून घेतलं. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर नको, हे पहिलं. दुसरं वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं : पत्नी हयात असेपर्यंत डायलिसिस चालू ठेवावं, नंतर माझ्या मुलीने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. वकिलांनी भुवया उंचावल्या. असं दुसऱ्याच्या आयुष्याला बांधलेलं वाक्य कितपत टिकेल कोण जाणे, इच्छा म्हणून राहू दे म्हणाले. राहिलं.

मुलीचं म्हणणं अजून तेच आहे, दोघांनी नागपूरला यावं. एक-दोनदा शब्दाला शब्द वाढला. काकांचं म्हणणं, बाईंना आता ती खोली, ती खिडकी, मावशींचा आवाज ओळखीचा झालाय, हलवलं तर पुन्हा पहिल्यापासून. दोघंही बरोबर आहेत, म्हणून वाद मिटत नाही. पालकत्वाचा अर्ज न्यायालयात आहे.

काका आता पहिल्या शिफ्टला पाच मिनिटं आधी येतात. वजन दोन-सव्वादोन किलोंच्या आत असतं, सोमवारी थोडं जास्त. डिसेंबरात फिस्टुलाची थरथर दोन दिवस मंद झाली होती, शीर फुग्याने मोकळी करावी लागली. बाई गेल्या महिन्यापासून सातच्या पाढ्यात अडखळू लागल्या आहेत. मावशी म्हणतात, बेचा आणि पाचाचा अजून पक्का आहे. परवा शुक्रवारी काका मशीनवर असताना साडेबारा वाजायला अवकाश होता, तरी त्यांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आज मावशींचा वार."